लगाशच्या कोठारापासून आपल्या मोहल्ल्यापर्यंत
(यंत्राच्या साहाय्याने इतिहास-भूगोल शिकविण्याच्या काही प्रयोगांची हकिगत)

वाचकहो, इतिहास-भूगोलाला आपल्या घरात कोणते स्थान आहे हे वेगळे सांगावयास नको. गणिताला शिकवणी लागते, इंग्रजीला शिकवणी लागते. इतिहास-भूगोल मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करावयाचा विषय. त्यातच आता घरोघरी मोबाईल आणि शाळांतून डिजिटल वर्ग आल्यामुळे पालकांत दोन तट पडलेले दिसतात. एका तटाला वाटते की पडद्यावर चित्रे हलू लागली की मूल आपोआप शहाणे होणार. दुसऱ्याला वाटते की हे यंत्र म्हणजे पोरे वाया घालविण्याचा कारखाना. लहान मुलांना हे विषय संगणकावर शिकविण्याचे प्रयत्न साठ वर्षांपूर्वीच सुरू झाले, त्यांत काही साधले व काही फसले, याची कल्पना दोन्ही तटांना फारशी नसते. ती हकिगत आपल्यापुढे ठेवावी म्हणून हा लेख. तिचा आरंभ अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत होतो, पण गोष्ट आहे दजला आणि फुरात या नद्यांच्या काठची, म्हणजे आजच्या इराकची.

१९६२ साली न्यूयॉर्क राज्यातील वेस्टचेस्टर परगण्याच्या शिक्षण मंडळाने आयबीएम कंपनीबरोबर शिक्षकांचे एक शिबिर भरविले. लक्षावधी डॉलर किमतीचे हे गणकयंत्र शाळकरी मुलांच्या काही कामाचे आहे काय, असा प्रश्न होता. कंपनीचे ब्रूस मॉन्क्रीफ यांचे म्हणणे असे की, ग्रीकांच्या पूर्वीच्या संस्कृतींकडे शाळेतल्या इतिहासात दुर्लक्ष होते. शिबिरास आलेल्या मेबल ॲडिस या बाईंना हा विचार पटला. त्या चौथीला शिकवीत, आणि मेसोपोटेमियाच्या इतिहासाचा त्यांचा अभ्यास होता. यंत्राची भाषा त्यांना येत नव्हती. ते काम विल्यम मॅके या जाणकाराने केले. बाईंनी ठरविले ते एवढेच, की मुलाला काय विचारावयाचे. १९६४ मध्ये त्यांचा ‘सुमेरियन गेम’ तयार झाला आणि सहावीच्या तीस मुलांपुढे ठेवण्यात आला.

विद्यार्थी मित्रांनो, संगणक म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे रंगीत पडदा येतो. येथे पडदा नव्हता. टंकयंत्रासारखे एक यंत्र, त्याला जोडलेली तार, आणि दूर कोठेतरी बसलेला खोलीएवढा संगणक. यंत्र कागदावर छापून सांगे : तू लगाश नगरीचा राजा लुडुगा आहेस, इसवी सनापूर्वी ३५०० चा काळ आहे, तुझी प्रजा इतकी, शेतजमीन इतकी, कोठारात धान्य इतके. आता सांग, रयतेला खायला किती देतोस, पेरायला किती ठेवतोस आणि कोठारात किती राखतोस? मुलाने आकडे टाईप करावयाचे. मग यंत्र सांगे की पीक किती आले, उपासमारीने किती माणसे गेली. मधूनच पूर येई, कोठाराला आग लागे, धान्य सडे. पुन्हा पुढचा हंगाम, पुन्हा तोच प्रश्न. पहिल्या राजाच्या कारकिर्दीत केवळ धान्याचा हिशेब. पुढच्या दोघांच्या काळात कारागिरी, व्यापार आणि राज्यविस्तार असे त्याचे टप्पे होते.

भाताच्या कणगीकडे पाहून हाच हिशेब कोकणातला प्रत्येक शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. आणि हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांच्या किश्श्यातली सुबत्तेची सात वर्षे आणि दुष्काळाची सात वर्षे आपल्या कोणत्या मुलाला ठाऊक नाहीत? धान्य राखून ठेवणे म्हणजे राज्य राखणे, हे त्या किश्श्यात आहे. ॲडिसबाईंनी तेच केले : ‘सुमेरियन लोक शेती करीत, ते कालवे काढीत, ते विटांवर लिहीत’ अशी वाक्ये पाठ करवून न घेता त्यांनी मुलाला कोठाराच्या दाराशी उभे केले. अमुक संस्कृतीत राजा का निर्माण झाला, लेखनाची गरज का पडली, हे प्रश्न मग मुलालाच पडू लागतात. कारण हिशेब डोक्यात मावेनासा होतो.

दुसरी गोष्टही ध्यानात घ्या. १९६६ मध्ये बाईंनी खेळात सुधारणा केली तेव्हा यंत्राच्या जोडीला ध्वनिमुद्रित संभाषणे आणि पडद्यावर दाखवावयाच्या चित्रांच्या काचपट्ट्या आणल्या. नुसत्या आकड्यांनी लहान मुलाचे मन भरत नाही, त्याला माणसांचा आवाज आणि गावाचा देखावा लागतो, हे वर्गात शिकविणाऱ्या बाईंना कळले होते.

पुढे १९६७ पर्यंत तो प्रकल्प आटोपला. आणि मूळ खेळ? तो हरवला. त्याचे अहवाल शिल्लक आहेत, पण जो कार्यक्रम त्या यंत्रात घातला होता तो आज उपलब्ध नाही. येथे क्षणभर थांबावेसे वाटते. लगाशच्या राज्यातल्या गिर्सू या नगरीत १८७७ पासून फ्रेंचांनी उत्खनन केले. तेथून मातीच्या लेखपट्ट्या हजारोंनी निघाल्या, आणि त्यांतल्या कितीतरी निव्वळ धान्याच्या नोंदी आहेत : कोणाला किती जव दिले, कोठारात किती आले. चार हजार वर्षांहून जुना तो हिशेब आजही वाचता येतो. त्याच हिशेबावर बेतलेला विसाव्या शतकातला खेळ मात्र वाचता येत नाही. मातीलाही धोका असतोच म्हणा. एप्रिल २००३ मध्ये बगदादचे संग्रहालय लुटले गेले तेव्हा साऱ्या जगाने ते पाहिले. परंतु माती लुटावी लागते. यंत्रातला मजकूर कोणी न लुटताच नाहीसा होतो.

त्या खेळाचा वंश टिकला तो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. १९६८ साली डग डायमेंट याने तशाच कल्पनेवर एक छोटा खेळ लिहिला. १९७३ मध्ये डेव्हिड ॲल याने आपल्या पुस्तकात त्याची आवृत्ती ओळीन्‌ओळ छापली. ज्याच्यापाशी यंत्र असेल त्याने पुस्तकातून पाहून ती टाईप करावी. ‘हमुराबी’ या नावाने तो खेळ जगभर गेला, तो छापील कागदावरून.

आता थोडे पश्चिमेकडे, मिनेसोटा राज्यात. १९७१ साली डॉन रॉविच हा तरुण मिनियापोलिस शहरातल्या एका शाळेत आठवीला इतिहास शिकविण्याचा सराव करीत होता. वर्ग प्राथमिक शाळेचा नव्हे, पण पुढे हाच खेळ प्राथमिक शाळांतून सर्वाधिक खेळला गेला. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात हजारो कुटुंबे बैलगाड्यांतून सुमारे दोन हजार मैलांची वाट तुडवीत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे गेली. तो पाठ शिकवावयाचा होता. बिल हाइनमन आणि पॉल डिलेनबर्गर या दोन मित्रांच्या मदतीने त्याने ‘ओरेगॉन ट्रेल’ हा खेळ तयार केला आणि ३ डिसेंबर १९७१ रोजी वर्गात आणला. मुलांनी ठरवावयाचे : बैलांवर किती खर्च, अन्नावर किती, कपड्यांवर किती. वाटेत थंडी, आजार, मोडलेले चाक. मुले रांगा लावून खेळली.

सराव संपला आणि रॉविचने तो कार्यक्रम यंत्रातून काढून टाकला. पण जाण्यापूर्वी त्याने त्याची प्रत कागदावर छापून घेतली होती. १९७४ मध्ये राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेत त्याला नोकरी मिळाली, तेव्हा त्याने त्या कागदावरून सगळे पुन्हा टाईप केले. मात्र या वेळी त्याने आणखी एक काम केले, आणि माझ्या मते त्याची खरी शिक्षकी तेथे दिसते. त्या वाटेने प्रत्यक्ष गेलेल्या लोकांच्या रोजनिश्या त्याने वाचल्या, आणि आजारपण, पाऊस, पाण्याची टंचाई असे प्रसंग खेळात किती वेळा यावेत हे त्या रोजनिश्यांवरून ठरविले. पूर्वी मनाला येईल तसे धरलेले आकडे आता पुराव्यावर आले.

असे असूनही एक मोठा प्रश्न राहिलाच. बैलगाड्या ज्या भूमीतून गेल्या ती भूमी मोकळी नव्हती. तेथे मूळचे रहिवासी होते, त्यांची गावे, शिकारीच्या जागा, कबरी होत्या. खेळ खेळणारे प्रत्येक मूल गाडीत बसलेले, गाडी ज्याच्या अंगणातून गेली त्याच्या घरात बसलेले कोणी नाही. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या मुलांनीही तोच खेळ खेळला. यावर टीका होत राहिली आणि अखेर २०२१ मध्ये निघालेल्या नव्या आवृत्तीसाठी मूळ रहिवाशांच्या इतिहासाच्या जाणकारांचा सल्ला घेण्यात आला. पहिल्या खेळापासून पन्नास वर्षांनी!

पालक बंधुभगिनींनो, ही गोष्ट आपण विशेष मनावर घ्यावी असे मला वाटते. पाठ्यपुस्तकातले एखादे वाक्य एकांगी असले तर शिक्षक ते वाचताना थांबतो, एखादे मूल हात वर करते, एखादा बाप घरी पुस्तक उघडून ‘हे असे कसे?’ म्हणतो. खेळात किंवा चलत्‌चित्रात एकांगीपणा असा ओळीत सापडत नाही. तो कोण बोलतो आणि कोणाला बोलू दिलेच नाही यात असतो. आपल्या पोरांच्या मोबाईलवर इतिहासाच्या नावाखाली जी चित्रे येतात, त्यांत मुसलमान माणूस केव्हा दिसतो? बहुधा तलवार घेऊन. होडी बांधणारा, भात लावणारा, मदरशात दिव्याखाली शिकविणारा, हिशेब लिहिणारा मुसलमान त्यांत क्वचितच असतो. यावर तक्रार करणे सोपे आहे. पण आपली बाजू भरावयाची तर ती कोणी भरावी? याचे उत्तर, निदान एक उत्तर, विलायतेतल्या शाळकरी मुलांनी दिले आहे. त्या प्रयोगाविषयी अधिक सविस्तर लिहितो.

इंग्लंडचा राजा विल्यम याने १०८६ साली आपल्या राज्याची मोजणी करविली : कोणत्या गावी जमीन किती, नांगर किती, गिरण्या किती, मालक कोण. त्या दप्तराला ‘डूम्सडे बुक’ म्हणतात. आपल्या वाचकांनी अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’तल्या सुभ्या-परगण्यांच्या नोंदी आठवाव्यात, किंवा दख्खनमधली मलिक अंबरची जमीनमोजणी आठवावी, त्याच जातीचे काम, फक्त पाच शतके आधीचे. १९८६ साली त्या दप्तराला ९०० वर्षे होत होती. तेव्हा बीबीसीने असे योजिले की यंदाची मोजणी राजाच्या कारकुनांनी न करता शाळेतल्या मुलांनी करावी.

सगळ्या ब्रिटनच्या नकाशावर चार किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद असे चौकोन आखले गेले. ते तेवीस हजारांच्या घरात होते. एकेका शाळेने आपापल्या भागाचा चौकोन घेतला. त्यात प्राथमिक शाळाही मोठ्या संख्येने होत्या. मुलांनी हिंडून पाहावयाचे : दुकाने किती आणि कसली, शेतात काय पिकते, बस किती वाजता येते, लोक काय खातात, सुटीच्या दिवशी काय करतात. वर मोजकीच छायाचित्रे. एकंदर दहा लाखांवर माणसांचा हातभार या कामाला लागला असे सांगतात. आपल्याकडे तिसरीच्या मुलांना जिल्ह्याचा भूगोल शिकवितात. त्यात मुलाने वाचावयाचे असते. येथे मुलाने लिहावयाचे होते. फरक एवढाच, पण केवढा! जे मूल गावच्या दुकानदाराला ‘तुमच्याकडे माल कोठून येतो?’ असे विचारून आले, त्याला ‘व्यापार’ या शब्दाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

जमलेला मजकूर, नकाशे आणि चित्रे बारा इंची चकत्यांवर भरण्यात आली. एका चकतीवर मुलांचे व गावोगावच्या लोकांचे लेखन, दुसरीवर सरकारी आकडेवारी आणि काही ठिकाणी पडद्यावर ‘फिरून’ पाहण्याची सोय. चकतीच्या पृष्ठभागावरचा मजकूर किरणांनी वाचला जाई. त्या काळाच्या मानाने ही मोठी करामत होती. मुलाने नकाशावर बोट ठेवावे तसे खूण करावी, आणि त्या जागेचा मजकूर समोर यावा. आज आपण मोबाईलवर जे सहज करतो त्याची ती आजी म्हणावयास हरकत नाही.

पण १९८६ च्या अखेरीस हे सगळे विक्रीस आले तेव्हा त्याची किंमत होती पाच हजार पौंडांच्या आसपास. ज्या शाळांच्या मुलांनी उन्हापावसात हिंडून मजकूर गोळा केला, त्यांतल्या बहुतेकांना तो विकत घेणे परवडेना. मुलांनी दिले आणि मुलांनाच मिळाले नाही. आपल्या समाजातल्या संस्थांनी यंत्रे घेताना हा प्रसंग जरूर आठवावा. देणगीतून आलेले सुंदर यंत्र मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलूपबंद आणि मुले बाहेर, असे दृश्य आपल्याकडेही अपूर्व नाही.

पुढची गोष्ट याहून बोलकी आहे. त्या चकत्या फक्त एका विशिष्ट जातीच्या यंत्रावर आणि त्याला जोडलेल्या बीबीसीच्या संगणकावरच चालत. ती यंत्रे फारशी खपली नाहीत. जी खपली ती जुनी झाली, मोडली, अडगळीत गेली. २००२ च्या सुमारास जाणकारांना धास्ती वाटू लागली की हा ठेवा आता कोणाला वाचताच येणार नाही. पंधरा-सोळा वर्षांत ही गत! १०८६ सालचे मूळ दप्तर मेंढीच्या कातड्यावर लिहिलेले आहे. ते आजही लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, आणि ज्याला लॅटिन येते त्याला वाचता येते. शेवटी इंग्लंडमधील लीड्स आणि अमेरिकेतील मिशिगन या दोन विद्यापीठांच्या लोकांनी जुन्या यंत्राची नक्कल नव्या संगणकात उभी करून मजकूर वाचविला. २०११ मध्ये बीबीसीने मुलांचे लेखन सर्वांसाठी इंटरनेटवर ठेवले; २०१८ मध्ये ते स्थळही बंद झाले आणि त्याची प्रत अभिलेखागाराकडे राहिली. म्हणजे एकच मजकूर वाचविण्यासाठी पुन:पुन्हा माणसे खपली. ज्या मजकुरासाठी खपणारी माणसे नसतील त्याचे काय होईल, ते निराळे सांगावयास नको.

आता आपल्या देशाकडे येऊ. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्यात आली. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम असे. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे १९८४ मध्ये पुण्यास ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. आज चाळिशी ओलांडलेल्या पालकांना तिचे कार्यक्रम आठवत असतील. मराठीतून, आपल्याच मातीतली चित्रे घेऊन मुलांना शिकविणारी ती संस्था २०१७ मध्ये बंद पडली. तिच्या ऐन भरात एका खोलीत एक संच आणि त्यापुढे सतरंजीवर सगळी शाळा, अशी स्थिती असे. परंतु शिक्षक तेथेच असत आणि कार्यक्रम संपला की निदान चांगले शिक्षक दोन प्रश्न विचारीत. त्या दोन प्रश्नांत सगळे होते.

१९८४-८५ साली केंद्र सरकारने सुमारे अडीचशे शाळांत संगणक दिले. ते संगणक बीबीसीच्याच जातीचे, म्हणजे विलायतेतल्या त्या मोजणीच्या घराण्यातलेच होते. पण ते माध्यमिक शाळांसाठी, आणि त्यावर मुख्यतः संगणक कसा चालवावा हेच शिकविले गेले. आपला मोहल्ला मोजून त्यात भरावा हे कोणाच्या मनात आले नाही. आणखी तीस-पस्तीस वर्षांनी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड देण्याची कल्पना राबविली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांत वाटली. २०१७ पासून केंद्राचा ‘दीक्षा’ हा संचही उपलब्ध आहे. पुस्तकातली ती ठिपक्यांची चौकट मोबाईलसमोर धरली की पाठासंबंधीचे चित्र वा ध्वनी समोर येतो. कल्पना चांगलीच आहे. पुस्तक हातात राहते आणि यंत्र त्याची सेवा करते.

पण २०२० च्या मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या तेव्हा काय झाले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्या घरात एकच मोबाईल होता तेथे तो अब्बांबरोबर कामावर जाई. संध्याकाळी आला की आधी मुलाच्या हाती, मुलीच्या हाती उरला तर. इतिहास-भूगोलाची पाळी त्यानंतर. हे आपल्याच समाजात झाले असे नव्हे, पण आपल्या समाजातही झाले.

म्हणून माझे आपणांस सांगणे असे आहे की यंत्राच्या खरेदीपासून आरंभ करू नये. विलायतेतल्या मुलांनी जे केले त्यातले पहिले काम वहीनेच होते. आपल्या सोसायटीच्या शाळांतल्या तिसरी ते सातवीच्या मुलामुलींनी या वर्षी आपापला मोहल्ला वहीत उतरवावा. चौकोन आखण्याची गरज नाही. मशिदीपासून खाडीपर्यंत, खाडीपासून बाजारापर्यंत एवढी हद्द पुरे. कोणत्या विहिरीचे पाणी मे महिन्यात आटते? तरीचा धक्का पूर्वी कोठे होता? भाताची कोणती जात आता कोणी लावीत नाही? या घरातले कोण आफ्रिकेत गेले, कोण जहाजावर होते, कोण आखातात आहे, आणि पहिला पैसा आला तेव्हा घराचे काय बदलले? जुन्या कबरींवरच्या दगडांवर काय लिहिले आहे आणि ते कोणाला वाचता येते? आपल्या किनाऱ्यावर दाभोळसारखी बंदरे आहेत, जेथे बहामनी आणि आदिलशाही काळात अरबस्तान-इराणची गलबते लागत. सतराव्या शतकातली शाही मशीद तेथे अजून उभी आहे. पाठ्यपुस्तकाच्या एका ओळीत ते बंदर मावते. त्या गावच्या मुलाला तेवढ्यावर का थांबवावे?

या कामात मुलींचा हात वरचढ ठरेल असा माझा अंदाज आहे. नानीची पेटी उघडावयाची मुभा नातीला असते, नातवाला नसते. लग्नातली गाणी, बाळंतिणीचे पथ्य, शंभर माणसांच्या दावतीला तांदूळ किती लागतो, हे सगळे सामाजिक शास्त्रच आहे, आणि ते स्वयंपाकघरात बसले आहे.

वही झाल्यावर मग मोबाईल आणावा. शाळेत एकच असला तरी चालेल. नानीचा आवाज मुद्रित करावा, कबरीवरच्या दगडाचे छायाचित्र घ्यावे, मोहल्ल्याच्या वाटा नकाशावर भराव्यात. २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा नकाशा कोणालाही भरता येतो आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत; ज्या पाखाडीला आजवर कोणत्याच नकाशात नाव नाही तिला सातवीची मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली नाव देऊ शकतात. आपल्या सभांतून अल्‌-ख्वारिज्मीचे नाव वारंवार घेतले जाते. संगणकाच्या कार्यपद्धतीला जो ‘अल्गोरिदम’ शब्द आहे तो त्याच्या नावावरून आला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच अल्‌-ख्वारिज्मीने नवव्या शतकात बगदादमध्ये भूगोलाचा ग्रंथ लिहून सुमारे २४०० ठिकाणांचे अक्षांश-रेखांश नोंदविले, हे मात्र सभेत कोणी सांगत नाही. नुसता अभिमान फुकट मिळतो. अक्षांश-रेखांश मोजावे लागतात.

पालकांनी काही पथ्ये पाळावीत. मुलांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि मुलींची छायाचित्रे इंटरनेटवर जाता कामा नयेत. विलायतेतही मुलांनी लिहिलेला मजकूर पुढे सर्वांपुढे मांडताना हक्कांचे आणि खाजगीपणाचे प्रश्न आडवे आलेच. कोणाच्या घरची भांडणे, जमिनीचे वाद, कर्जे वहीत उतरू नयेत. वृद्धांनी ‘हे लिहू नकोस’ म्हटले तर लिहू नये. शिक्षकांनी दर आठवड्याला एक तास मुलांना आपसांत वाचून दाखवावयास लावावे, म्हणजे दोन घरांची माहिती एकमेकांशी जुळत नाही असे आढळले की वर्गातच विचारणा होईल. अमके धरण कधी झाले, याविषयी एकाचे आजोबा एक साल सांगतात आणि दुसऱ्याचे दुसरे. मग ग्रामपंचायतीच्या दप्तरात जाऊन पाहावयाचे. रोजनिश्या वाचून रॉविचने जे केले ते हेच.

जो मजकूर यंत्रात गेला त्याची दरवर्षी छापील प्रत काढावी. बिनआम्ली जाड कागद मिळाला तर उत्तम, न मिळाल्यास चांगल्या वहीवर पक्क्या काळ्या शाईने सुवाच्य अक्षरात लिहिलेली प्रतही पुरे. उर्दू आणि मराठी दोन्हींत लिहिणारी मुले आपल्याकडे आहेत, त्यांनी दोन्हींत लिहावे. एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात, दुसरी जमातीच्या दप्तरात आणि तिसरी गावाबाहेर कोठेतरी, म्हणजे तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवावी, कारण खाडीकाठच्या गावांत पुराचे पाणी कपाटापर्यंत कसे चढते हे २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाडकरांनी अनुभवले आहे. वहीच्या पहिल्या पानावर साल, शाळेचे नाव आणि इयत्ता घालावी, आणि शेवटची दहा-बारा पाने पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी कोरी ठेवावीत.